डावखुऱ्याच्या हाती लिव्हर-ॲक्शन

ओंटारियोत शिकारीसाठी रायफल घ्यायची तर काय काय करावं लागतं, हे मराठीतून विचारायला मला कुणी सापडलं नाही. आमच्याकडच्या गणपतीला जमणाऱ्यांत गळ टाकून मासे पकडणारे आहेत, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकणारे आहेत, पण बंदुकीचा विषय निघाला की मंडळी पोह्यांच्या डिशकडे बघायला लागतात. म्हणून हे लिहून ठेवतोय. 2022 च्या शरदात हे डोक्यात आलं आणि नोव्हेंबर 2023 मध्ये मी पहिल्यांदा रायफल घेऊन जंगलात बसलो. मधला काळ कागद, पोस्ट, फोन आणि वाट बघणं यात गेला.

एक आधीच सांगतो. हे सगळं कॅनडातलं आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. इथे हरणांची संख्या बघून दरवर्षी विभागवार टॅग, म्हणजे एकेका हरणाचे परवाने, ठरतात आणि मांस खाण्यासाठी नेलं जातं. तरीही ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. माझी बायकोच त्यांच्यात आहे.

आमचं गाव कुडाळजवळ. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती जपून ठेवायची आणि मतमोजणी झाली की परत आणायची. मी इथे कोर्सला नाव घातलंय हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजोबांची होती ती रानडुकरां भात खायत म्हणान. तुजा भात खंय आसा थंय?" याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

निमित्त झालं आमच्या शेजाऱ्यांचं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, हॅलिबर्टनच्या बाजूला त्यांच्या वडिलांच्या वेळचा शिकारीचा कॅम्प. कॅम्प म्हणजे लाकडी खोपटं, चुली आणि दर नोव्हेंबरात जमणारी तीच ती माणसं. त्यातली दोघं-तिघं आता येत नाहीत, जागा आहे, येणार का, असं त्यांनी विचारलं. अट एकच, कागदपत्रं पूर्ण हवीत.

कागदपत्रं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो. पहिली गोष्ट बंदूक बाळगण्याचं लायसन्स, ज्याला सगळे 'पाल' म्हणतात. ते केंद्राचं, आरसीएमपी या केंद्रीय पोलीस दलाकडून मिळतं. दुसरी शिकारीची परवानगी, ती प्रांताची. पहिल्यासाठी बंदूक-सुरक्षेचा कोर्स, दुसऱ्यासाठी शिकारी-शिक्षणाचा. ओंटारियोत दोन्ही एकाच शनिवार-रविवारी जोडून घेणारे शिक्षक असतात. जोडूनच घ्या, पैसे आणि पेट्रोल दोन्ही वाचतं. मला दोन्ही मिळून साडेतीनशे डॉलरच्या आसपास पडले. (डॉलर म्हणजे कॅनडाचा, तेव्हा साठ-बासष्ट रुपयांचा होता.) जानेवारीतल्या तारखा ऑक्टोबरातच भरत आल्या होत्या. त्याच महिन्यात, 21 ऑक्टोबर 2022 ला, सरकारने हँडगनची खरेदी-विक्री गोठवली होती आणि वर्गात त्याचीच चर्चा होती.

वर्ग एका कम्युनिटी हॉलमध्ये. लांब टेबलावर बंदुका मांडलेल्या, सगळ्या निकामी केलेल्या, शेजारी डब्यात खोटी काडतुसं. वर्गात शेतकरी होते, एक नर्स होती, बापाबरोबर आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी होती. पहिला अर्धा दिवस बंदुकीला हातही लावू देत नाहीत. चार नियम पाठ करून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा; नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला; बोट चापापासून लांब; आणि रिकामी आहे याची स्वतः खात्री करा. खात्री करायचीही पाच पायऱ्यांची पद्धत आहे: नळी सुरक्षित दिशेला धरायची, काडतुसं काढायची, चेंबर (बार काढताना काडतूस बसतं ती जागा) बघायचं, काडतूस जिथून वर येतं ती वाट तपासायची, शेवटी नळीतून आरपार बघायचं. परीक्षकाने नुकतीच तपासून तुमच्या हातात दिली तरी तुम्ही पुन्हा तपासायची. या देवघेवीला कुणी अपमान मानत नाही, ते मला फार आवडलं.

मी डावखुरा आहे. लहानपणी कंपासपेटीतल्या कात्रीपासून कॉलेजच्या बाकापर्यंत सगळं उजव्यांसाठी, त्यामुळे सवय आहे. बोल्ट-ॲक्शन रायफल हातात आली तेव्हा तेच झालं. बोल्ट म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, त्याची मूठ उजव्या बाजूला. डावा खांदा लावला की प्रत्येक वेळी हात वरून पलीकडे नेऊन बोल्ट ओढायचा, आणि त्या खटाटोपात नळी कुठे फिरते ते कळत नाही. डावखुऱ्यांसाठी वेगळ्या रायफली मिळतात, पण दुकानात क्वचित आणि महाग. मग शिक्षकांनी लिव्हर-ॲक्शन पुढे ठेवली.

न पाहिलेल्यांसाठी सांगतो. चापाभोवतीच्या कडीला जोडूनच मागे एक मोठं कडं असतं, त्यात तीन बोटं घालायची. कडं खाली-पुढे ढकललं की बोल्ट मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, घोडा (बार काढणारी मागची हातोडी) चढतो आणि नळीखालच्या नळकांड्यातलं पुढचं काडतूस उचलून वर येतं. कडं परत ओढलं की ते चेंबरमध्ये बसतं. सगळं मधोमध, खालून चालणारं. उजवा-डावा हा प्रश्नच नाही. उलट काडतुसं भरायची झडप उजव्या अंगाला असते, म्हणजे डावखुऱ्याचा डावा हात मुठीवरच राहतो आणि उजव्या अंगठ्याने तो एकेक काडतूस आत सरकवतो. पहिल्यांदाच एखादी यंत्रवस्तू माझ्यासाठी केल्यासारखी वाटली.

परीक्षेत लेखी पन्नास प्रश्न आणि मग प्रात्यक्षिक. दोन्हीत 80 टक्के लागतात. लेखी सोपी आहे, पुस्तिका एकदा नीट वाचली की झालं. माणसं अडकतात ती प्रात्यक्षिकात. टेबलावर पाच-सहा प्रकारची काडतुसं मिसळून ठेवतात. नळीवर कोरलेलं वाचून आणि काडतुसाच्या बुडावरचं वाचून जोडी लावायची. चष्मा न्या, अक्षरं बारीक असतात. लिव्हर चालवताना दोन ठिकाणी गुण जातात. एक, कडं जोरात खाली ढकलताना नळी आकाशाकडे जाते. दुसरं, कडं परत ओढताना तर्जनी नकळत चापावर सरकते, कारण बाकीची बोटं त्याच कड्यात असतात. तर्जनी सरळ, रिसीव्हरच्या (नळीमागच्या धातूच्या पेटीच्या) बाजूला चिकटवून ठेवायची आणि लिव्हर सावकाश पण शेवटपर्यंत न्यायची. घरी छत्रीच्या मुठीवर सराव करताना मुलीने मला पाहिलं आणि तो व्हिडिओ आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर गेला.

दोन्ही परीक्षा पास. शिक्का मारलेला अहवाल पोस्टाने घरी यायला मार्च उजाडला. तो आल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, तेव्हा फॉर्म आधीच भरून तयार ठेवा.

आता फॉर्म. बंदुकीपेक्षा मला याचीच जास्त धास्ती होती. नाव-पत्ता-फोटो ठीक आहे. फोटोमागे ओळखीच्या माणसाची सही लागते. शिवाय तुम्हाला किमान तीन वर्षं ओळखणारी दोन माणसं संदर्भ म्हणून लागतात. माझा एक जुना मित्र, ज्याच्या घराच्या गृहप्रवेशाला मी होम पेटवला होता, तो म्हणाला, "अरे, माझं नाव पोलिसांच्या कागदावर कशाला?" मला वाईट वाटलं, पण त्याचा मुद्दा समजला. आपल्याकडे पोलिसांचा कागद म्हणजे कटकट, हे कॅनडाला येऊन वीस वर्षं झाली तरी जात नाही. शेवटी शेजारी आणि ऑफिसमधली एक बाई यांनी सह्या केल्या.

मग खासगी प्रश्न. गेल्या काही वर्षांत नैराश्यासाठी उपचार घेतलेत का, आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न, दारूचा त्रास, घरात हिंसाचाराची तक्रार. गेल्या दोन वर्षांत घटस्फोट, नोकरी जाणं, दिवाळखोरी. माझी नोकरी 2021 च्या शेवटी गेली होती. चार-पाच महिने घरी होतो, मग दुसरी मिळाली. 'हो' वर खूण केली आणि सोबत एक पान जोडलं: कधी गेली, का गेली, सध्या काय करतो. खूण केल्यावर दोन दिवस मनात नाही-नाही ते येत राहिलं. ती गोष्ट मी आईलाही सांगितली नव्हती आणि इथे पांढऱ्यावर काळं करून सरकारला पाठवत होतो. ज्यांच्यावर अशी वेळ असेल त्यांना सांगतो, 'हो' म्हटल्याने अर्ज आपोआप बाद होत नाही. खरं लिहा आणि थोडक्यात लिहा.

सगळ्यात शेवटी जोडीदाराच्या सहीची चौकट. सही नसली तरी अर्ज करता येतो, पण मग अधिकारी स्वतः जोडीदाराला कळवतात. बायकोपुढे कागद ठेवला तर तिने सहीची जागा बघितलीच नाही. पहिल्या पानापासून वाचायला बसली. माझी उत्तरं वाचली, जोडपत्र वाचलं. मग म्हणाली, "कपाट तळघरात. किल्ली तुझ्याकडे, पण रोज जिथे टाकतोस तिथे नाही. काडतुसं दुसऱ्या कुलपात. आणि मुलीच्या मैत्रिणी आल्या की हा विषय नाही." इथला कायदा जवळपास हेच सांगतो: रायफल रिकामी, तिला कुलूप किंवा ती कुलपात, काडतुसं सहज हाताला लागणार नाहीत अशी. मी म्हटलं, हे सगळं कायद्यात आहेच. ती म्हणाली, "कायद्यात असेल. मी माझं सांगतेय." आणि सही केली.

लिफाफा न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिशीला गेला, देशभरचे अर्ज तिथेच जातात. फी तेव्हा साठ डॉलरच्या वर थोडी. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान 28 दिवस थांबावंच लागतं, हा कायदाच आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, तेव्हा 28 आकडा धरून सुट्ट्या ठरवू नका. मे महिन्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना अनोळखी नंबर वाजला. बाहेर जाऊन घेतला. लायसन्सच्या ऑफिसातल्या एका बाईंचा शांत आवाज. नोकरी गेली तेव्हा कसे दिवस होते, आता कसं आहे, बंदूक कशासाठी हवी, घरी कोण कोण. दहा-एक मिनिटं बोललो असेन. शेवटी त्यांनी विचारलं, कॅम्पला आधी कधी गेला आहात का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मोजे जास्तीचे न्या. शेजाऱ्यांनाही फोन आला होता, ते त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. जूनमध्ये कार्ड आलं. पाच वर्षांसाठी. पत्ता बदलला तर 30 दिवसांत कळवायचा, हे घर बदलण्याच्या गडबडीत लोक विसरतात.

कार्ड हातात पडल्यावर रायफल शोधणं सुरू झालं, आणि हा भाग मी मुद्दाम लांबवला, कारण मजा यातच होती.

एका मोठ्या दुकानातल्या पोराने मला नवी बोल्ट-ॲक्शन आणि तिच्यावर भलीमोठी दुर्बीण दाखवली. पाचशे यार्डांवर मारते म्हणाला. शेजारी माझ्यासोबत होते. बाहेर आल्यावर ते म्हणाले, आमच्या कॅम्पभोवती पाचशे यार्ड मोकळी जागा असेल तर ते तळं आहे. मेपल, हेमलॉक, खाली सिडरची दलदल. हरीण दिसतं ते पन्नास-साठ यार्डांवर, तेही झाडांच्या फटीत, चालताना. अशा ठिकाणी आखूड, हलकी, पटकन खांद्याला लागणारी रायफल हवी. त्यांच्या वडिलांची विंचेस्टर 94 ही लिव्हर-ॲक्शन भिंतीवर होती. सव्वाशे वर्षांपूर्वीचं डिझाइन, जॉन ब्राउनिंगचं. मॉडेल 1894 चं, तिचं .30-30 हे काडतूस पुढच्या वर्षी आलं, धूर न करणाऱ्या दारूचं. 2006 मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद होईपर्यंत सत्तर लाखांहून जास्त तयार झाल्या. उत्तर अमेरिकेतल्या निम्म्या शेतघरांत दाराआड हीच उभी असायची असं म्हणतात. अतिशयोक्ती असेल, पण ज्याला विचारावं त्याच्या काकाकडे एक होतीच.

लिव्हर-ॲक्शन म्हटलं की आपल्याला काउबॉय आठवतात. कॅनडाचा इतिहास थोडा वेगळा आहे. नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलीस, म्हणजे आजच्या आरसीएमपीचे पूर्वज, विंचेस्टर 1876 वापरत. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, जपानी उतरतील या भीतीने ब्रिटिश कोलंबियात लाकूडतोडे, कोळी, सापळेवाले यांची एक दुय्यम फौज उभारली आणि त्यांना विंचेस्टर 94 आणि मार्लिन 36 दिल्या. कारण साधं होतं, ती माणसं आधीपासून याच रायफली वापरत होती, शिकवायला काही उरलं नव्हतं. घोड्याच्या खोगिराला लावायलाही हीच सोयीची, बाजूला बोल्टची मूठ नाही, सपाट बसते. आजही उत्तरेत आणि पश्चिमेला अस्वलांच्या मुलखात काम करणारे .45-70 सारख्या दणकट काडतुसाची आखूड लिव्हर-ॲक्शन जवळ बाळगतात. अस्वल अंगावर येतं तेव्हा अंतर पावलांत मोजायचं असतं.

हल्लीचं आणखी एक कारण म्हणजे कायदा. 1 मे 2020 ला सरकारने सुमारे दीड हजार मॉडेल्स एका आदेशाने बंद केली, पुढेही यादी वाढली. साध्या लिव्हर-ॲक्शन त्यातून बाहेर राहिल्या. अर्ध-स्वयंचलित रायफलच्या मॅगझिनला पाच काडतुसांची मर्यादा आहे, लिव्हरच्या नळकांड्याला ती नाही. पण हे कारण देणाऱ्यांच्या बोलण्यात थोडा राजकीय त्रागा असतो. मला ते कारण पुरेसं वाटत नाही. पहिल्या दोन बारांत जमलं नाही तर सहावं-सातवं काडतूस काय करणार?

विंचेस्टर की मार्लिन यावर कॅम्पवर रात्र-रात्र वाद होतात. मी जुलैमध्ये मार्लिन 336 घेतली, कारणं सांगतो. जुन्या विंचेस्टरची रिकामी पुंगळी वरून उडते, म्हणजे वर दुर्बीण बसवायची पंचाईत. मार्लिनचा माथा बंद, पुंगळी बाजूने जाते. माझी चाळिशी लागलेली, उद्या दुर्बीण लागली तर सोय हवी. दुसरं, मार्लिनचा एक स्क्रू काढला की लिव्हर निघते, बोल्ट मागे निघतो आणि नळी मागून साफ करता येते. विंचेस्टर उघडून पुन्हा जोडणं हे माझ्यासारख्याचं काम नाही.

सेकंडहँड बघताना जाणकार नळीवर रिसीव्हरजवळ 'जेएम' हा छोटा शिक्का शोधतात. तो असला की ती जुन्या नॉर्थ हेवनच्या कारखान्यातली. पुढे कंपनी रेमिंग्टनकडे गेली, त्या सुरुवातीच्या काळातल्या मालाबद्दल जुनी माणसं नाक मुरडतात. 2020 पासून मार्लिन रुगरकडे आहे आणि नव्या चांगल्या असतात, पण माझ्या खिशाला जड. मजेची गोष्ट म्हणजे 1973 नंतरच्या मार्लिनच्या नंबरातले पहिले दोन आकडे शंभरातून वजा केले की वर्ष निघतं. दुकानदाराने काउंटरवर ठेवलेल्या रायफलचा नंबर 22 ने सुरू होत होता. म्हणजे 1978. मी त्याच सालचा. दस्त्यावर एक लांब ओरखडा, अक्रोडाचं लाकूड काळपट पडलेलं, पण नळी आतून लख्ख. लिव्हर खाली नेली तर कुठेही न अडखळता गेली आणि बंद होताना एकच दाट 'खट्'. आठशेच्या वर थोडे, शिवाय 13 टक्के कर. त्याच रॅकवर 1967 मध्ये कॅनडाच्या शतकपूर्तीला काढलेली अष्टकोनी नळीची विंचेस्टर होती, देखणी. बायको बरोबर असती तर तीच घेतली असती, कारण ती दिवाणखान्यात शोभली असती. कार्ड दाखवल्यावर दुकानदार केंद्राकडून तुमचं लायसन्स पडताळून संदर्भ क्रमांक घेतो, मगच देतो. मे 2022 पासून हे सक्तीचं आहे. माझ्या वेळी अर्ध्या तासात झालं.

कुलपाचं कपाट, चापाचं कुलूप, केस, कान-डोळ्यांचं संरक्षण यात आणखी तीनेकशे गेले. रेंजच्या क्लबची वर्गणी वेगळी. .30-30 ची वीस काडतुसांची पेटी पन्नास डॉलरच्या घरात, त्यामुळे ऑगस्टभर क्लबातल्या एकाच्या छोट्या, स्वस्त काडतुसाच्या .22 लिव्हरवर हात बसवला आणि मग आपली काढली. नेम धरायच्या मागच्या साइटची खाच मला धूसर दिसत होती. रिसीव्हरवर आधीच भोकं असतात, त्यात बारीक छिद्राची पीप साइट बसवली. ज्यांना चष्मा आहे त्यांनी हे जरूर करा, छिद्रातून बघितलं की पुढचा मणी आपोआप स्पष्ट होतो. 100 यार्डांवर दोन इंच वर लागेल अशी बसवली.

काडतुसांबद्दल एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. नळकांड्यात काडतुसं एकामागे एक असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडावर, नेमकं टिकलीवर टेकलेलं. म्हणून टोकदार धातूची गोळी यात चालत नाही, दणक्याने आतच बार होऊ शकतो. चपट्या नाकाची किंवा मऊ रबरी टोकाची, लिव्हरसाठी म्हणून विकतात तीच घ्यायची. चपट्या नाकामुळे लांब अंतरावर गोळी खाली उतरते, 200 यार्डांवर सात-आठ इंच. दीडशेपुढे मी तरी मारणार नाही. आणि .30-30 झुडपं कापत जाते ही दंतकथा आहे. कोणतीच गोळी फांदीला लागल्यावर सरळ जात नाही.

दुसरा जपायचा भाग म्हणजे घोडा. चेंबरमध्ये काडतूस असताना चढलेला घोडा अंगठ्याने सावकाश अर्ध्या खाचेवर उतरवावा लागतो, माझ्या रायफलला वेगळा सेफ्टीचा खटका नाही. थंडीत जाड हातमोजे घालून हे करायचं नाही. मी कॅम्पवर ठरवून टाकलं, बसायच्या जागी पोचेपर्यंत चेंबर रिकामं. लिव्हर एकदा चालवायला लागतो तो एक क्षण, हरणासाठी तेवढी घाई नसते.

शिकारीची परवानगी त्यामानाने सोपी. ऑनलाइन आउटडोअर्स कार्ड, त्यावर बंदुकीने शिकार करण्याची नोंद, मग हरणाचा टॅग पन्नासेक डॉलरला. हा टॅग शिंगवाल्या नराचा. मादीसाठी वेगळी सोडत असते, त्यात माझं नाव आलं नाही. टॅगचा कागद स्वतः छापायचा आणि जवळ ठेवायचा. शिवाय केशरी जाकीट आणि टोपी सक्तीची.

6 नोव्हेंबर, सोमवार. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी. त्याआधी रायफल केसमध्येच. शेजाऱ्यांनी मला एका पडक्या हेमलॉकपाशी बसवलं आणि ते वर टेकाडाकडे गेले. मोजे जास्तीचे होते, तरी पाय बधिर झाले. नऊच्या सुमारास सिडरमधून मादी आली. पाय उचलायची, थांबायची, कान फिरवायची. चाळीस यार्डांवर आडवी उभी राहिली. तिच्या नाकातून वाफ निघताना दिसत होती. रायफल मांडीवर होती. माझ्याकडे तिचा टॅग नव्हता, त्यामुळे काही ठरवायचंच नव्हतं, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. ती गेली. त्या आठवड्यात माझ्या रायफलचा बार निघाला नाही. बुधवारी कॅम्पातल्या दुसऱ्या एकाला नर मिळाला. दलदलीतून ओढून आणताना कळलं की शिकारीतलं खरं काम बार काढल्यावर सुरू होतं. सोलणं, थंड ठेवणं, कापणं, सगळ्यांचे वाटे. माझ्या वाट्याचं मांस घरी मालवणी मसाल्यात सुकं केलं. चरबी जवळजवळ नाही, म्हणून तेल सढळ लागतं आणि शिजायला वेळ. बायकोने भाजलेलं वाटण दिलं, खाल्लं नाही.

हंगाम संपल्यावर अहवाल भरावा लागतो. काही मिळालं नाही, अगदी गेलातच नाही, तरी भरायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण तारीख चुकवू नका.

आणि डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांनी शिकारीचं जाकीट, सॅक आणि कॅमेऱ्याची पिशवी घरीच ठेवावी. खिशाच्या अस्तरात एखादं काडतूस राहिलं आणि ते मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर थेट शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, तिथे आपलं ओंटारियोचं कार्ड कुणी विचारत नाही. आमच्याकडे हे खिसे तपासायचं काम मुलीने केलं. तिला एक कुस्करलेली चिक्की सापडली.